उघड मतदान

"सर, गव्हर्नरच्या बायकोनं मत दुसऱ्यालाच दिलं तर?"

इतिहासाच्या तासाला अमेरिकेतल्या जुन्या निवडणुकांचा विषय चालू होता. मैत्रीण मदिनानं पैज लावली म्हणून कोकिळानं भर वर्गात विचारलं. नववीत हशा पिकला. महाजन सरही हसले.

"दोनशे वर्षांपूर्वीच्या अमेरिकेत बहुतेक बायकांना मतच नव्हतं गं! आणि काही राज्यांत गव्हर्नर निवडताना पुरुष सगळ्यांसमोर मोठ्यानं नाव सांगून मत द्यायचे."

"मग आपला वर्गप्रतिनिधी तसाच निवडू या ना, सर! चिठ्ठ्या काय, भित्र्यांसाठी!" कोकिळा म्हणाली. उमेदवार होते दोनच, ती आणि लोटन. सरांनाही हुरूप आला.

एकेक जण उठून नाव सांगू लागला. मतं बरोबरीत आली आणि उरले फक्त दोघे उमेदवार. लोटन छाती काढून उठला. "लोटन रुपचंद पाटील!" बापाच्या नावासकट. मग कोकिळा उठली. सगळा वर्ग तिच्या तोंडाकडे बघत होता. आपलंच नाव आपणच कसं घ्यायचं, बाई? एवढ्या वाघिणीच्या तोंडून शेळीचा आवाज निघाला.

"लोटन."

मदिनानं कपाळाला हात लावला. "यापेक्षा गव्हर्नरची बायको परवडली!"

त्या संध्याकाळी आईनं पुरणाचे मांडे केले होते. आबा, दादा आणि कोकिळा जेवायला बसले होते. "शेवटला मांडा कोनाले वाढू?" तिनं विचारलं आणि सवयीनं दादाच्या ताटाकडे वळली, कारण 'दादाला वाढ' असं एरवी कोकिळाच म्हणायची.

कोकिळानं आपलं ताट पुढं सरकवलं.

"आई, आबा, दोघं ऐका. आजपासून घरात हे विचारलं, की मी मोठ्यानं सांगणार. कोकिळाला!"