मोकळी टाच

"डोंगर की लिफ्ट?" तुरीदनं विचारलं, आणि उत्तराची वाट न बघता हलकं बाइंडिंग अस्लाकसमोर ठेवलं.

तुरीदच्या स्कीच्या दुकानात दुसरं गिऱ्हाईक नव्हतं. नोव्हेंबर निम्मा सरला होता. वर डोंगरावर बर्फ बसला होता, खाली रस्त्यावर नुसता चिखल. अस्लाकनं आणलेल्या नव्याकोऱ्या स्की कामाच्या टेबलावर आडव्या पडल्या होत्या. बूट जखडायचं बाइंडिंग त्यांवर अजून बसवलेलं नव्हतं.

"टाच मोकळीच राहणार," तुरीद म्हणाली. "टेलेमार्क पद्धतीची स्कीच ती, टाच बांधली तर उरलं काय! पण ह्याला पुढं ही कळ आहे, बघ. चढताना उघडायची, म्हणजे पाय बिजागरीसारखा उचलला जातो. पोटऱ्या भरून येत नाहीत. उतरताना बंद. आणि वजन म्हणशील तर काहीच नाही."

"आणि ते?" अस्लाकनं मागच्या फळीवरच्या जाडजूड बाइंडिंगकडे बोट केलं.

"ते लिफ्टवाल्यांचं, लिफ्टनं वर जाऊन नुसतं खाली घसरणाऱ्यांचं." तिला हसू आलं. "स्प्रिंग बघ केवढी दणकट. दाबून घट्ट केलेल्या उतारावर गुडघा वाकवून वळलास की स्की इकडची तिकडं होत नाही. पण ते घालून डोंगर चढायचा म्हणजे पायात लोढणं. तुला काय करायचंय त्याचं? लिफ्टवाल्यांना बटाट्याची पोती कोण म्हणायचं रे? तू आणि हालवोरच ना?"

अस्लाकनं हलकं बाइंडिंग हातात घेतलं. कळ उघडली, मिटली.

"हालवोरलाही हेच घ्यायला सांग," ती म्हणाली. "वर जाता ते दोघं मिळूनच. बाइंडिंग सारखी असली की सुटे भाग एकानं घेतले तरी भागतं. वर काही मोडलं तर..."

"हालवोर बर्गनला गेला."

"परत कधी येतोय?"

"गेला म्हणजे गेलाच. लेकीकडे. घरसुद्धा विकलं."

"अगं बाई! मला कुणी बोललंच नाही." तुरीदनं थर्मास पुढं ओढला. "पण बर्गनला? तिथं बारमाही पाऊस. छत्री धरून स्की करणार का तो?"

"स्की विकल्या त्यानं. आता पोहायला जातो म्हणे."

दोघंही हसली, पण अस्लाकचं हसू आधी संपलं. तुरीदनं थर्मासमधली कॉफी कपात ओतून त्याच्यापुढं सरकवली.

"क्लबची माणसं जातात की वर. त्यांच्यात जा. एकट्यानं नको जाऊस बाबा."

"गेलो होतो एकदा त्यांच्याबरोबर. पळतात नुसते. माथ्यावर पोचले की घड्याळ बघतात, की लगेच खाली. बसत नाही कुणी." त्यानं कॉफीचा घोट घेतला. "मग परवा एकटाच गेलो. जुन्या स्की घेऊन. बर्फ काय होता, तुरीद! पिठासारखा. माथ्यावर बसलो, संत्रं सोललं. अर्धं केलं, आणि हात पुढं केला."

"मग?"

"मग काय. ते अर्धंही मीच खाल्लं."

'रविवारी मी येते' असं तिच्या अगदी ओठांवर आलं. पण हंगामात दुकान चालायचं ते शनिवार-रविवारीच, आणि हे त्यालाही ठाऊक होतं.

अस्लाकनं कप खाली ठेवला. "ते मोठं काढ बघू."

तिनं ते फळीवरून काढलं. नमुन्याच्या आखूड पाटीवर बसवून जमिनीवर ठेवलं. अस्लाकनं बूट अडकवला, एक पाय मागं घेतला आणि दुकानाच्या मधोमध गुडघा वाकवला. स्प्रिंग ताणली गेली. गुडघा कट्कन वाजला. तो तसाच वाकून थोडा वेळ राहिला, मग टेबलाला धरून उठला.

"हेच दे."

"अरे, मग मधलं घे ना एखादं. दोन्हीकडे चालणारं येतं. थोडं जड आहे, पण कळ आहे त्याला. डोंगराच्या दिवशी..."

"डोंगर नको आता."

"अस्लाक, तीन महिन्यांत कंटाळशील तू त्या उतारांना. खाली-वर, खाली-वर. तूच म्हणायचास, पिंजऱ्यातल्या खारीसारखं."

"म्हणायचो." तो बुटाची कडी सोडवत होता. मान वर न करताच म्हणाला, "त्या लिफ्टचा वर ओढून नेणारा दांडा दोघांचा असतो. रांगेत एकटं कुणी उभं असलं की लिफ्ट चालवणारा ओरडतो, 'अजून एक, अजून एक!' आणि येतं कुणीतरी. कुणी पोरगी असते, कुणी जर्मन असतो. शेजारी उभं राहतं."

"आणि मग?"

"मग काही नाही. वर पोचेपर्यंत असतं."

तुरीदनं स्की शिकंज्यात घट्ट बसवल्या, मोजपट्टी लावली, पेन्सिलीनं खुणा केल्या. ड्रिल हातात घेतलं आणि थांबली.

"नव्या स्कीत भोकं एकदाच नीट पडतात, अस्लाक. नंतर हलकं बसवायचं म्हणालास तर पकड राहायची नाही. बघ बाबा. पाडू?"

समोरच्या खिडकीत डोंगर होता. दरीत केव्हाच अंधारून आलं होतं, पण माथ्यावर अजून ऊन होतं, आणि त्या उन्हात वारा बर्फाची धूळ उडवत होता. अस्लाकनं तिकडं एकदा पाहिलं.

"पाड," तो म्हणाला, आणि खिडकीकडे पाठ करून उभा राहिला.