भिंतीपलीकडचा वर्ग

माझं बोलणं सुरू झालं की तुला जांभया येतात ना? बस इथं, तुला अमेरिकेतल्या कनेटिकटच्या पीबडी सरांची गोष्ट सांगतो. म्हातारा अकरावीच्या पोरांना तीनशे वर्षांपूर्वीच्या पाद्र्यांची प्रवचनं शिकवायचा. दिवे घालवून टेबलावर चढायचा आणि नरकाच्या आगीवर असा गरजायचा, की खिडक्या थरथरायच्या. पोरं मात्र बाकाखाली फोन चाळत बसायची. आणि त्याच तासाला शेजारच्या वर्गात, त्या नव्या डेलानी बाईपुढं, एक पोरगं हूं की चूं करायचं नाही. म्हाताऱ्याचा नुसता जळफळाट व्हायचा. "कालची पोरगी ती. अशी काय भुरळ घालते पोरांना?"

एक दिवस त्याला राहवलं नाही. ऐन प्रवचनात टेबलावरून उतरला आणि तिच्या वर्गाचं दार ढकललं. आत अंधार. सगळी पोरं खुर्च्या फिरवून मधल्या भिंतीकडं तोंड करून, कान टवकारून बसलेली.

बाई हळूच म्हणाली, "थांबलात का सर? आम्ही सगळे नरकाच्या दारात ताटकळलोय."

तेव्हा बाबा, तू खुशाल जांभया दे. फक्त ते पलीकडच्या खोलीचं दार तेवढं उघडं ठेव, तिकडं कुणी कान देऊन बसलं असेल.