‘कधीही’वरचा जोर

“‘कधीही’वर एवढा जोर नको. माणसं उगाच घाबरतात,” तो काचेबाहेरून माइकवर म्हणाला. घरातच केलेल्या स्टुडिओत, काचेपलीकडच्या छोट्या खोलीत बायकोनं मान डोलावली, घोटभर पाणी घेतलं आणि तेच वाक्य पुन्हा वाचलं. आता ते अलगद उतरलं. तो खूश झाला.

वाक्य काय होतं, हे मात्र त्याला विचारलं असतं तर सांगता आलं नसतं. तो शब्द ऐकत नसे, आवाज ऐकत असे. उभी हयात ध्वनिमुद्रणात गेलेली. श्वासाची फुसफुस, खुर्चीची कुरकुर, पान उलटल्याची सळसळ, काही म्हणून त्याच्या कानांतून सुटायचं नाही. ओळखीचे लोक त्याला कानसेन म्हणत. ते चेष्टेनं म्हणत असावेत, अशी शंका त्याला कधी आली नाही.

जनरेटरही त्यानं कानांनीच निवडला होता. लाइनच्या कामासाठी दिवसा वीज जायला लागली, तेव्हा दोघं दुकानात गेले. घरात काय काय चालवायचंय, किती वॅट लागतील, दुकानदार विचारत होता. आणि हा डोळे मिटून एकेका यंत्रापुढे उभा. “साहेब, याला चालवायचंय, गायला नाही बसवायचं,” दुकानदार शेवटी म्हणाला. त्यानं सगळ्यांत मऊ आवाजाचा घेतला. सोबत वाटीएवढा एक अलार्म मिळाला. जनरेटरच्या धुरात एक विषारी वायू असतो, त्याला ना रंग ना वास. तो घरात शिरला की हा ओरडणार. बायकोनं तो स्वतः स्वयंपाकघरात लावला. ती आवाजाची कामं करते हे कळल्यावर दुकानदारानं तिला कामही दिलं. गिऱ्हाइकांना फोनवर पाठवायच्या सूचना वाचायच्या होत्या. तेच आज चाललं होतं.

सकाळी दोघांनी मिळून जनरेटर मागच्या अंगणात, पार कुंपणापाशी ठेवला. लांब वायर ओढली. सगळं शहाण्यासारखं. पण तिच्या खोलीची खिडकी अंगणाकडे होती आणि कानसेनांच्या कानात बारीक घरघर येत होती. दुसऱ्या कुणाला आलीही नसती. चहाला थांबले तेव्हा ती पुढच्या दारात फोनवर बहिणीशी बोलत बसली. तेवढ्यात त्यानं जनरेटर बंद केला, ढकलत आणला आणि स्वयंपाकघरामागच्या कपडे धुवायच्या बोळात नेऊन पुन्हा सुरू केला. अंगणाकडचं दार लावून घेतलं. फटींत जुने टॉवेल कोंबले. स्वयंपाकघराचं दार तेवढं वायरीसाठी किलकिलं राहिलं.

घरघर गेली.

“काय केलंस रे?” तिनं हेडफोन चढवत विचारलं.

“अनुभव,” तो म्हणाला.

दुपार चढली तसं तिचं डोकं दुखायला लागलं. त्याचंही दुखत होतं, पण त्यानं ते नव्या चष्म्यावर ढकललं. ती शब्द खायला लागली. एक वाक्य अर्ध्यातच सोडून बसून राहिली.

“आवाजात जीव नाहीये तुझ्या,” तो वैतागून म्हणाला. एवढं मात्र त्यानं अगदी बरोबर ओळखलं होतं.

मग हेडफोनमध्ये एक बारीक टींटीं यायला लागली. रस्त्यावर एखादी लॉरी मागं येत असणार. तो काही बायकोला उठवून खिडक्या तपासायला लावणाऱ्यांतला नव्हता. त्यानं पडद्यावर ती टींटीं नेमकी शोधली आणि कापून टाकली. रेकॉर्डिंग धुतल्यासारखं स्वच्छ झालं. स्वतःची पाठ थोपटायला हात पुरत नाही, एवढंच त्याचं दुःख होतं.

तिनं कपाळ चोळायला हेडफोन काढले आणि कान टवकारले. मग दार उघडून, चौकटीला धरून उभी राहिली.

“ती टींटीं ऐकू येत नाही का तुला?”

“आली होती की,” तो अभिमानानं म्हणाला. “काढून टाकली.”

ती त्याच्याकडे बघत राहिली आणि बघता बघता खाली बसली. त्यानं हेडफोन भिरकावले. स्वयंपाकघरातून अलार्म जिवाच्या आकांतानं ओरडत होता.

तिच्या काखांत हात घालून त्यानं तिला पुढच्या दारापर्यंत ओढत नेलं. बाहेर पायरीवर तिला आडवी केली आणि तो हाका मारत सुटला. ती ओ देईना. तो भयंकर घाबरला. आयुष्यभर नको ते आवाज कापून टाकत बसलेल्या माणसाला आता तिचा कसलाही आवाज चालला असता. खोकला, घरघर, काहीही.

“अरे, हलवू नकोस इतकं,” ती शेवटी पुटपुटली. आणि तो रस्त्यावरच्या माणसांदेखत ढसाढसा रडला.

कुणीतरी फोन करून बोलावलेल्या अग्निशमनवाल्यांनी जनरेटर बंद केला. दवाखान्यात दोघांना ऑक्सिजन लावला आणि डॉक्टरांनी त्याची बिनपाण्यानं केली. पुढं तो स्वतःच ही गोष्ट रंगवून सांगायला लागला: कानसेनांनी अलार्मलाच कसं गप्प केलं. लोक हसत. सगळ्यांत मोठ्यानं तोच हसे.

एक गोष्ट मात्र तो कुणाला सांगत नसे. घरी परतल्यावर दुकानदाराला काय पाठवायचं हे ठरवायला त्यानं त्या सकाळचं पहिलं वाचन लावलं, जे त्यानंच बाद केलं होतं. या वेळी त्यानं एकाही बटणाला हात लावला नाही. हात मांडीवर ठेवून बायको काय म्हणतेय ते नुसतं ऐकलं.

“जनरेटर घरात किंवा कुठल्याही बंद जागेत,” ती म्हणत होती, आणि पुढच्या शब्दावर तिनं सगळा जोर दिला होता, “कधीही चालवू नका.”