एकमत

“स्वीडनात कारखाना कुणाचा? मालकाचाच ना? मग कसला आलाय तुमचा समाजवाद!” आत्माराम मयेकर कडाडले आणि हातातली पोह्यांची बशी त्यांनी बाकावर आपटली.

कमळा चहाचं तबक घेऊन दारातच थबकली. तिला बघायला मंडळी आली होती. पण तिच्याकडे कुणी बघतच नव्हतं.

“आणि रशियात कुणाचा?” तिचे वडील, आप्पा विलणकर, खुर्चीत पुढे सरकले. “सरकारचा. म्हणजे मालक एकच, आणि त्याच्यापुढे तोंड उघडायची सोय नाही. स्वीडनात म्हाताऱ्याला पेन्शन आहे, मजुराला धड घर आहे. इंग्लंडात दवाखाना फुकट. याला समाजवाद नाही म्हणायचं, तर कशाला म्हणायचं?”

“मलमपट्टी म्हणायचं! चाळीस वर्षांमागे रशियात लाकडी नांगर होता. आज त्यांनी आभाळात उपग्रह सोडलाय. तुमच्या स्वीडनाने काय सोडलं?”

आप्पा समाजवादी. बेचाळीसच्या चळवळीत तुरुंगात जाऊन आलेले. मयेकर आंजर्ल्याचे, पण उमेदीची वर्षं सगळी मुंबईच्या गिरणगावात, लाल बावट्याखाली गेलेली. एरवी ही दोन माणसं एका ओटीवर बसली नसती. पण संयुक्त महाराष्ट्रासाठी दोघांचे पक्ष समितीत एकत्र आले, निवडणुकीच्या सभांत दोघे एका व्यासपीठावर बसले, आणि कुठल्याशा सभेनंतर कुणीतरी म्हणालं, मयेकरांचा मुलगा इथेच रत्नागिरीच्या तार ऑफिसात आहे, विलणकरांची मुलगी शाळेत मास्तरीण आहे, मग काय हरकत आहे? हरकत कुणाचीच नव्हती.

कमळाने कप पुढे केले. सखाराम, म्हणजे तो तार ऑफिसातला मुलगा, कप घेताना हळूच म्हणाला, “युगोस्लाव्हिया अजून यायचाय.” तिला हसू आवरेना. त्या एका वाक्यावर तिने मनात होकार देऊन टाकला.

“बायकांचंच बघा,” मयेकर आता मुलीच्या निमित्ताने पुन्हा सरसावले. “रशियात बाया ट्रॅक्टर हाकतात. डॉक्टर होतात, इंजिनियर होतात.”

“स्वीडनातल्या बाईला बाळंतपणात रजा देऊन वर पैसे देतात!” आप्पा म्हणाले. “तिने कामावर परत यावं म्हणून.”

मयेकरांनी कमळाकडे पहिल्यांदाच नीट पाहिलं. “मुली, तुला काही विचारायचंय? संकोच नको. आम्ही जुन्या वळणाचे नाही.”

“विचारायचं नाही, सांगायचंय,” कमळा म्हणाली. “माझी शाळा इथेच आहे, यांचं ऑफिसही इथेच. लग्नानंतर मी शाळेत जात राहीन.”

ओटीवरचा वाद थांबला. सकाळपासून पहिल्यांदाच.

“छे छे,” मयेकर म्हणाले. “मयेकरांच्या सुनेवर तशी वेळ अजून आलेली नाही.”

कमळाने आप्पांकडे पाहिलं. तिला ट्रेनिंग कॉलेजात त्यांनीच घातलं होतं, भावकीशी भांडून.

“बरोबर आहे,” आप्पा म्हणाले. “शिकवलं ते तिला संसारात उपयोगी पडावं म्हणून. माझंही मत तेच.”

“मग झालं तर!” मयेकरांनी आप्पांच्या पाठीवर थाप मारली. आप्पांनी त्यांचा हात हातात घेतला. दोघांचेही चेहरे उजळले. सखाराम कपाच्या तळाशी बघत राहिला.

कमळा आत आली. आई, मथुरा, चुलीपुढे बसली होती. सुरमईचं कालवण रटरटत होतं, पानं मांडायची तेवढी राहिली होती.

“काय ठरलां गो?”

“मी शाळा सोडायची ठरली, आये. दोघांच्या मताने.”

मथुराने पळी खाली ठेवली.

“हे जेलात होते तेव्हा मी भाट्याला नारळाच्या बागेत कामाला जात होते,” ती म्हणाली. “माझ्या कमाईवर तुम्ही पोरं वाढलात. हे सुटून आले नि म्हणाले, आता बस झालां, लोक नावं ठेवतील. मी गप्प बसले. तेव्हापासून ह्यांच्या सभांना चहा करत्येय.”

मग तिने चुलीतली लाकडं बाहेर ओढली आणि त्यांच्यावर तांब्याभर पाणी ओतलं. धूर चर्रकन वर आला. कालवणाच्या टोपावर तिने झाकण ठेवलं आणि स्वतः स्वयंपाकघराच्या दारात पाय पसरून बसली.

“पानं घ्या हो!” बाहेरून आप्पांची हाक आली. मग दुसरी आली. तिसरीत जरा घाई होती. आतून ओ नाही, भांड्याचा आवाज नाही.

मयेकरांनी मान वर करून ओल्या लाकडांचा वास घेतला. गिरण्यांच्या बंद फाटकांसमोर त्यांची अर्धी हयात गेली होती. आप्पांपेक्षा त्यांनी आधी ओळखलं.

“विलणकर,” ते हलक्या आवाजात म्हणाले, “हा संप आहे.”

तेवढ्यात सखाराम उठला. ओटी ओलांडून तो आत गेला आणि मथुराच्या शेजारी जमिनीवर बसला.

“अरे, तू तिकडे कुठे?” मयेकर ओरडले.

“मी इकडेच बसतो, बाबा.”

कमळाने त्याच्याकडे पाहिलं. तो या खेपेला हसत नव्हता. त्याचे कान मात्र लाल झाले होते.

आप्पा दाराशी आले. बायकोशी या दारातून ते आजवर चहा सांगण्यापुरतंच बोलले होते. त्यांनी घसा साफ केला, सदऱ्याचं वरचं बटण लावलं, आणि कलेक्टर कचेरीपुढे वाटाघाटींना उभं राहावं तसे उभे राहिले.

“मागण्या काय आहेत?”

“एकच,” मथुरा जागची न हलता म्हणाली. “आज सकाळपासून तुमचं दोघांचं ज्या एका गोष्टीवर जमलां, तेवढां मोडा. बाकीचं भांडण चालू द्यात.”