पेटीपुढचा दिवा
अनसिंगजवळच्या वस्तीतल्या चर्चला कायमचं कुलूप लावायला नवे फादर पहिल्या मोटारीने, उपाशीच आले. जुने फादर दोन वर्षांपूर्वी, त्रेपन्न साली, मायदेशी गेले. तेव्हापासून इथे मिस्सा, म्हणजे भाकर पवित्र करून वाटण्याची उपासना, झाली नव्हती आणि सात घरांपैकी पाच घरांनी येणं सोडलं होतं. आत मात्र लाल काचेतला दिवा जळत होता. वेदीवरच्या पेटीत पवित्र भाकर असेल तरच तो लावायचा असतो, आणि शेवटची भाकर जुन्या फादरांनी निघण्याआधी सेवन केली होती. “पेटी रिकामी आहे,” फादर झाडलोट करणाऱ्या मोनिकाबाईंना म्हणाले. “मले मालूम हाय. रोज मीच तं पुसतो.” “मग दिवा कशाला?” “जातानी फादर इजवाले इसरले. मंग मी कायले इजवू?” “तेल कुठलं?” “घरचंच. भाजीत कमी टाकतो.” बाईंनी गुळाचा चहा पुढे केला. मिस्सा करायची तर मध्यरात्रीपासून पाण्याखेरीज काही घ्यायचं नसतं. फादरांनी कप तोंडाशी नेला, दिव्याकडे पाहिलं आणि कप तसाच खाली ठेवला. “तुमच्याबरोबर उरलेल्या त्या दुसऱ्या घरालाही बोलवा.” बाराच्या आत पाच माणसांची मिस्सा झाली. त्यातली एक भाकर पेटीत ठेवून फादरांनी पेटीचं दार लावलं. आतली भाकर पंधरा दिवसांत बदलावी लागते, हे बाईंनाही ठाऊक होतं. कुलूप पिशवीतच राहिलं. मोटारीची वेळ झाली तेव्हा फादरांनी विचारलं, “पुढच्या खेपेला तेल किती आणू?”