खाडीची बोय

नोकरीत असताना बंदरावर मासळी विकणाऱ्या द्वारकामावशीचं पत्र आलं होतं. मी उत्तर दिलंच नाही. तिनं लिहिलं होतं, "सायेब, तुम्ही माझ्याकडनं बोय नेता नि खात नाही, जाळता, हे गावाला कळलं. आता माझी मासळी कोणी घेत नाही. खायची की नाही, तेवढं कळवा."

जाळत होतो, हे खरं. वापरलेल्या अणुइंधनावर पुन्हा प्रक्रिया करणारा आमचा कारखाना कधीचा बंद पडला होता, तरी खाडीत काही झिरपत नाही ना, हे पाहणं माझं काम. मासळीची राख करायची आणि यंत्रात तिचा किरणोत्सर्ग मोजायचा. राखेत कधीच काही सापडलं नाही. पण 'काही नाही' असं लिहायला हात धजेना. 'यंत्राला दिसेल इतकं नाही' एवढंच खरं होतं, आणि ते वाचून ती जास्तच घाबरली असती. मसुदे फाडण्यात वर्षं गेली.

निवृत्तीनंतर काल प्रथमच बंदरावर गेलो. मावशी बर्फातली परगावची मासळी विकत होती.

"काय सायेब, जाळायला हवी?"

"खाडीची नाही?"

"होडी विकली. पोरगा मुंबईला वॉचमन झाला. खाडीची आणणार कोण?"

मी तसाच पुलाकडे वळलो. पुलाखाली जाळं टाकणाऱ्या एकाकडून दोन बोयी घेतल्या, घरी कालवण केलं, काटे चोखून खाल्लं. मग पोस्टकार्ड लिहिलं: "मावशी, खाडीची बोय आज खाल्ली. खायची."

दुसरा मसुदा सुचायच्या आत ते पेटीत टाकलं.