सोन्याचे थेंब

"डोळे मिटा," डॉक्टरीणबाई म्हणाल्या आणि त्यांनी पुंजारामच्या पापणीवरून हलकेच अंगठा फिरवला. "हे पिवळं कधीपासून आहे?"

पुंजाराम हसला. सकाळपासून पहिल्यांदाच. उपाशीपोटी रक्त काढून झालं होतं, वजन झालं होतं, दंडाला पट्टा आवळून ब्लडप्रेशर बघून झालं होतं. छातीला वायरी लावून कागदावर रेघोट्याही काढून झाल्या होत्या. दर वेळी तो तपासणाऱ्याच्या तोंडाकडे बघत राहिला होता. दुखत-खुपत काही नव्हतं. पण त्याला एकेचाळिसावं लागलं होतं, आणि थोरला भाऊ जयराम एकेचाळिसाव्यातच गेला होता. हल्ली दाढी करायला बसलं की आरशातून जयरामच बघायचा. बायकोने, साधनाने, हे ओळखलं आणि मखमलाबादच्या मळ्यातून त्याला नाशिकच्या या दवाखान्यात पिटाळलं. निदान पापणीवरच्या ठिपक्यांत तरी भिण्यासारखं काही नव्हतं.

"सोन्याचे थेंब ते, मॅडम. आमच्या घराण्याची खूण हाय. वडलांना होते, भावाला होते. आई म्हणायची, ज्याच्या डोळ्याला सोनं, त्याच्या घराला काय कमी नाय."

डॉक्टरीणबाई हसल्या नाहीत. "वडील कशाने गेले?"

"बसल्या जागी. चाळिशी नुकती उलटली होती."

"आणि भाऊ?"

"जेवून उठला, हात धुतला आन ओट्यावर पडला. पुन्हा उठलाच नाय."

कुणाच्या हातचं जेवून, ते त्याने सांगितलं नाही. मळ्यात ते शेंबड्या पोरालाही ठाऊक होतं. सरुबाईच्या, म्हणजे जयरामच्या बायकोच्या. ती लग्न होऊन आली त्याच वर्षी सासरा गेला, तेव्हा नुसती कुजबुज झाली. नवरा गेला तेव्हा कुजबुजीचा निकालच लागला. "दोन गिळले हिनं. तिसरा देणार नाय मी," असं म्हणून पुंजारामच्या आईने, अक्काबाईने, तिचं चंबूगबाळं विहिरीजवळच्या पंपाच्या खोलीत नेऊन टाकलं. तिच्या हातचं पाणीसुद्धा घरात चालेनासं झालं. त्याच सरुबाईने पुंजारामला लहानपणापासून चुलीपाशी बसवून गरम भाकर वाढली होती. त्या दिवशी मात्र हा चांगला मिशा फुटलेला बाप्या तिच्यासाठी चकार शब्द बोलला नाही. भ्याला होता, दुसरं काय.

तिने ओवलेल्या झेंडूच्या माळा तेवढ्या बाजारात जात राहिल्या. देवाला तिचा हात चालायचा, माणसांना चालत नव्हता. पुढे अक्काबाई गेली, पण रीत काही मोडली नाही. पुंजाराम बांधावरून येताना दिसला की सरुबाई तोंड फिरवून आत शिरायची आणि दार लावून घ्यायची. दिवाळीचं लुगडं घेऊन गेला, तर आतूनच म्हणायची, "दगडावर ठेवा." एवढा तिचा राग. आणि तो राग रास्त होता, हेच त्याला आतून खात होतं.

"हे सोनं नाही," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "ही रक्तातली चरबी आहे, पापणीवर साठलेली. रिपोर्ट उद्या येईल, पण मला फारशी शंका नाही. काही घराण्यांत ती जन्मापासूनच जास्त असते. तीच हृदयाच्या नळ्यांत बसते आणि माणूस असा बसल्या जागी जातो. तुम्ही वेळेवर आलात, घाबरू नका. रोज गोळी घ्यायची. मुलांचंही रक्त तपासून घ्या."

गोळीचं त्याला ऐकूच आलं नाही. "मॅडम, भाऊ त्या दिवशी जेवला नसता तर?"

"तरी गेलेच असते. निर्जळी उपास असता तरी गेले असते. जेवणाचा काय संबंध?"

बाहेरच्या बाकावर साधनाने दिलेला डबा तसाच मांडीवर घेऊन तो बसून राहिला. जीव वाचणार म्हणून आनंद व्हायला हवा होता. त्याला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

मळ्यात आल्यावर तो घरी गेला नाही. तडक विहिरीकडे गेला. पंपाच्या खोलीचं दार उघडं होतं. सरुबाई चुलीपुढे भाकरी थापत होती. तो दिसताच ती पिठाच्या हातांनीच दार लावायला उठली, पण या खेपेला त्याने उंबऱ्यात पाय घातला.

"वैनी, दार नको लावू. रातच्यापासून उपाशी हाय. भाकर वाढ."

मग त्याने सगळं सांगितलं. वडिलांचं सांगितलं, जयरामचं सांगितलं, पापणीवरच्या सोन्याचं सांगितलं. "तुझा काय बी दोष नव्हता वैनी. आम्हीच पापी," तो म्हणाला.

सरुबाई त्याच्या पापण्यांकडे बघत राहिली. बघता बघता तिचे डोळे भरून आले, आणि पुंजारामला वाटलं, सुटलो. तो खाली बसला आणि त्याने टोपल्यातल्या भाकरीला हात घातला.

तिने टोपलं झटक्यात मागे ओढलं आणि पदराखाली झाकलं.

"त्या डागदरीणबाईला काय ठावं, भावजी? इतकी वर्सं मी दार लावून बसले, माझ्या हातचा घास तुमच्या पोटात जाऊ दिला नाय, म्हणून तर तुमी जित्ते हाय."